पदाबरोबर आलेले घर

देवळाच्या आवारातील पुजाऱ्याच्या खोल्यांवरून वाद उपस्थित झाला, म्हणजे मला यॉर्कशरमधील हॉवर्थ गावचे पाद्र्याचे घर हटकून आठवते. शिंदे की छावनीतल्या वकिलाने इतक्या दूर जाण्याचे कारण पुढे येईलच.

१७७८-७९ साली बांधलेले हे दगडी घर दुमजली आहे. मधोमध दार, त्याच्या दोन्ही अंगांस दोन-दोन खिडक्या आणि वरच्या मजल्यावर पाच. नक्षीचा हव्यास कोठेही नाही. आत फरसबंद वाट, उजवीकडे पाद्र्याची अभ्यासिका, डावीकडे जेवणघर. ब्राँटे भगिनींचे बरेचसे लेखन याच जेवणघरात झाले. बाग ओलांडली की लागलीच थडगी. १८५० च्या सरकारी पाहणीत गावातील मृत्यूचे सरासरी वय २६ देखील भरले नव्हते!

पॅट्रिक ब्राँटे १८२० मध्ये येथे आले आणि ४१ वर्षे राहिले. सहाही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. घर त्यांचे कधीच नव्हते. ते पदाचे होते. तरीही १८५० मध्ये शार्लटने भिंत सरकवून जेवणघर रुंद करविले, आणि १८५४ मध्ये कोठीच्या खोलीची भावी पतीसाठी अभ्यासिका केली. १८६१ मध्ये पॅट्रिक वारले. जावई निकोल्स तेथेच साहाय्यक धर्मोपदेशक होते. पण पद त्यांना मिळाले नाही. सामानाचा लिलाव झाला, ते आयर्लंडास परतले. नव्या पाद्र्याने १८७० च्या दशकात एका बाजूस उंच पाखे जोडून घराचा तोल बिघडविला. माझ्या दृष्टीस ते खुपते, पण अधिकार त्याचा होता. १९२८ पासून तेथे संग्रहालय आहे.

मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी निर्णय दिला, की देवस्थानच्या जमिनीची मालक देवता. पुजारी केवळ व्यवस्थापक. मालकाच्या रकान्यात त्याचे नाव नको. निर्णय मला योग्य वाटतो. देवाचे वतन विकून खाणारेही आपण पाहिले आहेत. परंतु ज्या विधवेने तीस वर्षे त्या ओसरीवर सडा घातला, तिने तेराव्यानंतर कोठे जावे, याचे उत्तर रकान्यात नसते.

म्हणून देवस्थानाचा दस्तऐवज लिहिताना, पुजाऱ्याच्या पश्चात कुटुंबास एक वर्ष राहण्याची मुभा देणारे कलम मी आवर्जून सुचवितो. विश्वस्त गरज विचारतात. मी शार्लटने सरकविलेल्या भिंतीची हकीकत सांगतो. बहुधा सहा महिन्यांवर तडजोड होते.