अम्मीचा आंबा

गावचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने अंगणातला आंबाही तोडला. अम्मीसाठी मी त्या घराची छोटी प्रतिकृती करायला घेतली. प्रमाण १:१००, म्हणजे १२ मीटरचा आंबा १२ सेंटिमीटरचा.

जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा सोलून पीळ दिला. खाली मुळं फाकवली, वर फांद्या काढल्या. फेविकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून साल चढवली. खोड आधी तपकिरी रंगवलं, मग आठवलं, आंब्याचं खोड करडं असतं! स्पंजचा चुरा हिरवा रंगवून चिकटवला. झाड गोल, भरगच्च, सुबक झालं.

अम्मीने ते हातात घेतलं. "छान आहे बेटा, पण हा आपला नाही. विहिरीकडची फांदी वादळात मोडली होती ना? आणि पानांतून आभाळ दिसायचं."

मी पक्कड घेतली. ती फांदी अर्ध्यावर तोडली, स्पंज जागोजागी उपटला, शेंड्यांना तांबूस पालवी दिली.

अम्मी बराच वेळ बघत राहिली. मग झाडाखाली बोट ठेवून म्हणाली, "इथे तुझ्या अब्बांची खाट असायची."

खाट जेमतेम दोन सेंटिमीटरची होईल. सध्या झाडूचा हीर चिरतोय.