टोकियोच्या आठ दिवसांतला एक दिवस

१/ येत्या नोव्हेंबरात आईला घेऊन टोकियोला जाण्याचे ठरले आहे. आठ दिवसांचा कार्यक्रम आखताना वहीच्या पहिल्या पानावर मी 'जुने टोकियो' असा मथळा लिहिला आणि त्याखाली काय लिहावे ते सुचेना. हा थ्रेड त्या रिकाम्या राहिलेल्या पानाविषयी आहे.

२/ इ.स. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन झाला आणि एदो हे जपानचे सत्ताकेंद्र बनले. १८६८ मध्ये एदोचे 'टोकियो', म्हणजे पूर्वेची राजधानी, असे नामांतर झाले. चारशे वर्षांहून जुने सत्तास्थान म्हटल्यावर मंदिरे, वाडे, किल्ले यांनी पान सहज भरेल, अशी माझी समजूत होती.

३/ असाकुसाचे सुप्रसिद्ध सेन्सोजी मंदिर घ्यावे, तर मुख्य वास्तू १९५८ ची, काँक्रीटची. एदोच्या किल्ल्याचा मनोरा घ्यावा, तर जागेवर नुसता दगडी चौथरा. जी नोंद उघडावी, तिच्यात तीनांपैकी एक साल भेटे : १६५७, १९२३, १९४५. तिन्ही साले आगीची.

४/ १६५७ म्हणजे आपल्याकडे संभाजीराजांच्या जन्माचे वर्ष. त्या वर्षी एदो तीन दिवस जळत होते. घरे लाकडाची, हवा कोरडी, वारा सोसाट्याचा. मृतांचा आकडा परंपरेने एक लाखाच्या घरात सांगतात. संरक्षणाच्या धोरणामुळे सुमिदा नदीवर एकच पूल ठेवला होता आणि तोही दूर, सेन्जू येथे. पळणारे लोक काठावर येऊन अडकले.

५/ आगीनंतर धोरण बदलले. नदीवर ऱ्योगोकू पूल बांधला गेला. आग पुढे सरकू नये म्हणून मधूनमधून रुंद रस्ते मोकळे सोडले गेले. 'उएनो-हिरोकोजी' या आजच्या मेट्रो स्थानकाच्या नावात तो रुंद रस्ता शिल्लक आहे. किल्ल्याच्या मनोऱ्यावर खर्च न करता आधी शहर उभारावे, असा सल्ला होशिना मासायुकी याने दिला आणि तो मानला गेला. म्हणून तो चौथरा आजही रिकामा आहे. (राजवाड्याच्या पूर्व उद्यानात तो विनामूल्य पाहता येतो, सोमवारी व शुक्रवारी मात्र उद्यान बंद असते.)

६/ १ सप्टेंबर १९२३, सकाळचे ११ वाजून ५८ मिनिटे. भूकंप झाला तेव्हा घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. सुमिदाच्या पूर्वेला लष्करी कपड्यांच्या जुन्या कोठाराचे मोकळे मैदान होते. सुरक्षित म्हणून लोक सामानसुमानासह तेथे जमले आणि आगीच्या वावटळीत त्या एका मैदानावर सुमारे ३८,००० माणसे गेली.

७/ पुढच्या काही दिवसांत अफवा पसरल्या आणि जमावांनी, काही ठिकाणी पोलीस व सैनिकांनीही, हजारो कोरियन लोकांची हत्या केली. भूकंपाचा इतिहास सांगताना हे पान उलटून पुढे जाऊ नये.

८/ १० मार्च १९४५ च्या पहाटेआधी अमेरिकी बी-२९ विमानांनी याच नदीकाठच्या दाट वस्तीवर आगलावे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. १९२३ मधून वाचलेले सेन्सोजीचे मुख्य मंदिर या रात्री जळाले. आवारातला एक जुना गिंको वृक्ष जळक्या खोडासह अजून उभा आहे.

९/ त्या मैदानावर आज योकोआमिचो उद्यान आहे. तेथील १९३० च्या स्मारकभवनात १९२३ आणि १९४५ या दोन्ही वेळच्या मिळून सुमारे १,६३,००० मृतांच्या अस्थी आहेत. १९७३ पासून कोरियन बळींचा स्मृतिस्तंभही तेथे आहे. जवळच एकोइन मंदिर आहे : १६५७ च्या बेवारस मृतांसाठी शोगुनच्या आज्ञेने स्थापलेले. तिन्ही आगी अशा थोड्याशा चालण्यात भेटतात.

१०/ भवनाचे वास्तुरचनाकार इतो चुता. विसाव्या शतकाच्या आरंभी ते भारतात हिंडून गेले होते. १९२३ मध्ये जळालेले त्सुकिजी होन्गान्जी मंदिर त्यांनीच १९३४ मध्ये नव्याने उभे केले. कार्ले-अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला तिथल्या दर्शनी कमानीत आपली चैत्यकमान ओळखू येते. त्सुकिजी मी कार्यक्रमात लगेच घातले. योकोआमिचो मात्र घातले नाही.

११/ कारण आई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. घर गेले, माणसे वाचली. खालच्या बिऱ्हाडातली तिची मैत्रीण मात्र त्यानंतर दिसली नाही. ती वाहून गेली की तिचे घरचे तिला घेऊन दुसरीकडे राहायला गेले, हे आईला आजतागायत ठाऊक नाही. सहलीला निघालेल्या बाईसमोर हे पुन्हा का आणावे, असे मला वाटले.

१२/ वही मी टेबलावर उघडी विसरलो. संध्याकाळी आईने विचारले, "अरे, हे एकोइन खोडलेस का?" मी सांगितले, तसे तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, त्यांनाही तिथे जागा दिली आहे ना? मग मला तिथे जायचंय. देवळं काय, नंतरही होतील."

१३/ आता पहिल्या पानावर एक दिवस लिहिला आहे : सकाळी एकोइन, तेथून चालत योकोआमिचो, दुपारी ऱ्योगोकू पुलावर नदीकाठी. आजचा पूलही भूकंपानंतर नव्याने बांधलेला आहे. मथळ्यातले 'जुने' मी खोडलेले नाही.

१४/ एक विनंती. आईचे गुडघे दुखतात. एकोइन ते उद्यान या वाटेवर मध्ये बसायला बाक आहेत का? आपल्यापैकी कोणी ती वाट चालले असल्यास कृपया कळवावे. (समाप्त)