जवारी

'जवारी' या शब्दाचा अर्थ आपल्या भागात बोलणारा कोण यावर ठरतो. धारवाडच्या बाजारात 'जवारी सौतेकाय', 'जवारी कोळी' असे कोणी म्हणाले की ती वस्तू गावठी, इथल्या मातीतली, संकरित नव्हे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला जवारी म्हणजे जोंधळा, भाकरीचा. आणि मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीला दिलेला तो नाजूक बाक, ज्याच्यावर तार हळूच घासते आणि स्वर झंकारू लागतो. आमच्या घरात हे तिन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात, कारण आई मिरजेची, सौ. धारवाडची आणि भाकरी दोघींची. गेल्या वर्षभरात मात्र हा शब्द आमच्याकडे एका भलत्याच वस्तूला चिकटला. ती वस्तू म्हणजे घरी बनवलेला, व्हॉल्व्हवर चालणारा, गिटारचा अँप्लिफायर.

नवनगर म्हणजे हुबळी आणि धारवाड यांच्या मधला मुलूख. एका बाजूला गंगूबाई हनगल यांची हुबळी, दुसऱ्या बाजूला मल्लिकार्जुन मन्सूर यांचे धारवाड. अशा ठिकाणी मुलाने गिटार हातात घेतली की येणारे-जाणारे 'हे काय नवीनच?' म्हणणारच. पण पी.यू.सी.त विज्ञान शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांचा विचार पक्का होता. त्याच्याजवळ एक लहान ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर होता. आवाज स्वच्छ, पण त्याच्या मते कोरडा. त्याला व्हॉल्व्हचा आवाज हवा होता. परदेशी बनावटीच्या तयार अँप्लिफायरची किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला. तेव्हा तो म्हणाला, "बाबा, घरीच करू या." मी इतिहास शिकवणारा माणूस. ओहमचा नियम मी दहावीच्या परीक्षेनंतर पुन्हा पाहिला नव्हता. पण वस्तूचा इतिहास वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

व्हॉल्व्हची कुळकथा मोठी रंजक आहे. १९०४ मध्ये इंग्लंडच्या फ्लेमिंग यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेली तार आणि धातूची पट्टी बसवली. वीज त्यातून एकाच दिशेने वाहते, म्हणून नाव व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी घातली. कालव्याच्या तोंडाशी झडप जरा वर-खाली केली की पुढे पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो, तसेच इथे. जाळीवर आलेला गिटारचा क्षीण संकेत आतल्या मोठ्या प्रवाहाला आपल्या तालावर नाचवतो. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत व्हॉल्व्ह घराघरांतून गेला. गेला नाही तो गिटारवाल्यांकडून.

याचे कारण ऐकून मला थेट आजोळ आठवले. अँप्लिफायर मर्यादेपलीकडे रेटला की आवाज फाटतो. अभियंत्यांच्या लेखी हा दोष. पण व्हॉल्व्ह एकदम फाटत नाही, हळूहळू वाकतो, आणि वाकताना मूळ स्वरात त्याच्याच वरच्या सप्तकातला षड्ज मिसळतो, त्यावर थोडा पंचमही. तंबोरा दुसरे काय करतो? घोडीच्या बाकावर तार घासते आणि मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहून दाखवून दिले होते की, युरोपात मानलेल्या नियमाप्रमाणे जे स्वरांश ऐकूच येऊ नयेत, ते आपल्या तंबोऱ्या-वीणेच्या घोडीमुळे ऐकू येतात. म्हणजे आवाज नुसता मोठा करणे हे गिटारच्या अँप्लिफायरचे काम नाहीच. तो वाद्याचाच अर्धा भाग आहे. हे मी आईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग सरळ सांग ना, जवारी काढायचीय म्हणून."

आम्ही निवडलेला आराखडा अगदी साधा. एक ईसीसी ८३ व्हॉल्व्ह सुरुवातीला, एक ईएल ८४ शेवटी, ताकद जेमतेम पाच वॅट. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा 'चँप' नावाचा छोटा अँप्लिफायर याच जातकुळीचा, आणि बीटल्सनी वापरलेल्या व्हॉक्स एसी ३० मध्ये हेच ईएल ८४ चार असतात. हे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकियात, रशियात, चीनमध्ये तयार होतात. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा माल अडला आणि जगभर भाव चढले. ईसीसी ८३ आम्ही टपालाने मागवला. ईएल ८४ मात्र घरातच होता. माळ्यावर, बाबांच्या रेडिओत.

खरा प्रश्न इथे सुरू झाला.

बाबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. तो रेडिओ त्यांनी लग्नाच्या वर्षी हप्त्याने घेतला होता. तेव्हा रेडिओला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. बाबा गेल्यापासून तो मुकाच होता, पण आई दर दिवाळीला त्यावरचे भरतकाम केलेले कापड धुऊन पुन्हा घालायची. मुलाने मागचा पुठ्ठा काढून बघितले, तर काचेवर पुसटसा बी.ई.एल.चा शिक्का. १९५४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. म्हणजे ही वस्तूही 'जवारी'च, इथल्या मातीतली. पण बाबांची वस्तू उघडून तिच्यातला भाग काढायचा, हे आईला विचारायचे कोणी? मुलगा माझ्याकडे बघत होता, मी सौ.कडे.

विचारण्याआधी व्हॉल्व्ह जिवंत आहे का हे बघू म्हणून आम्ही हुबळीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे लटकतात, दुकान मुलगा चालवतो. अण्णा मागच्या खोलीत बसतात. हात थरथरतात, पण मीटरची टोके धरली की थरथर थांबते. त्यांनी व्हॉल्व्ह तपासला आणि मान हलवली, चांगला आहे. रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळलेला, फिल्टरचे कॅपॅसिटर सुकलेले, काटा फिरवणारी दोरी तुटलेली. मग त्यांनी माझ्या मुलाला समोर बसवले आणि एकच शब्द उच्चारला, "हुशार!"

वाचकहो, आपल्यासारख्या दुभाषी घरांतच या शब्दाची गंमत कळते. मराठीत हुशार म्हणजे बुद्धिमान. कन्नडमध्ये हुशार म्हणजे जपून, सावध. अण्णांना दुसरा अर्थ अभिप्रेत होता. व्हॉल्व्हला सुमारे तीनशे व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. अण्णांनी नियम पाठ करून घेतले. प्लग काढायचा, रोधकातून कॅपॅसिटर रिकामा करायचा, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालायचे नाही. चालू असताना मोजायची वेळ आली तर डावा हात खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जायला वाट मिळत नाही. तीन पिनांचा प्लग आणि पक्के अर्थिंग. आणि एकट्याने काम कधीच नाही. घरी येताना मी मनात म्हटले, मुलगा मराठीतला हुशार आहे हे ठाऊक होते, कन्नडमधला आहे का ते आता कळेल.

त्या रात्री जेवणानंतर त्यानेच आजीला विचारले. मी बाबांच्या आठवणींबद्दल काही बोलणार, तोच आईने मला थांबवले.

"तुला काय वाटतं, मी तो रेडिओ तुझ्या बाबांची आठवण म्हणून पुसते? अरे, ते तर दिवसभर वर्कशॉपात. मी मिरजेहून आले तेव्हा मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. शेजारणी चांगल्या, पण बोलणार काय? दिवसा त्या पेटीवर नुसती खरखर. रात्री मात्र सांगली लागायची. कोणी तरी मराठीत पावसापाण्याचं, भावबाजाराचं सांगतंय, एवढंच. पण त्यावर मी दोन वर्षं काढली. पुढं धारवाड केंद्र ऐकून ऐकूनच कन्नड शिकले."

सांगली आकाशवाणी सुरू झाली १९६३ मध्ये, धारवाड केंद्र १९५० मध्ये. मध्यम लहरी रात्री आकाशातल्या विद्युत थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, हे शास्त्र मला माहीत होते. पण त्या लहरींवर आपली आई तगून राहिली होती, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. मी इतिहास शिकवतो, तोही दुसऱ्यांचा.

मुलगा म्हणाला, "आजी, राहू दे मग. नवा मागवतो."

"राहू दे कशाला? तो काच निघतो का, की तोडावा लागतो?"

व्हॉल्व्ह नऊ पिनांवर खाचेत बसलेला असतो, नुसता उपटून काढता येतो, हे त्याने दाखवले. आई जरा विचार करून म्हणाली, "मग उसना ने. उसनं न्यावं, उसनं द्यावं. पेटीला धक्का लावायचा नाही. आणि काम करायचं ते माझ्यासमोर, या खोलीत." अण्णांचा एकट्याने काम न करण्याचा नियम तिला कोणी सांगितला नव्हता.

पुढचे दोन महिने बैठकीच्या खोलीत राळेचा वास होता. सगळ्यांत अवघड वस्तू होती आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हला पुढे सुमारे ५००० ओहमचा भार हवा, आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ही सोयरीक जमवायला वेढ्यांचे प्रमाण पंचवीसास एक लागते. दुर्गदबैलकडच्या एका बोळात मोटारी वाइंडिंग करणारे एक मामा आहेत, त्यांनी एका बाजूला २५०० आणि दुसऱ्या बाजूला १०० वेढे घालायचे कबूल केले. पण पत्र्यांवरून वाद झाला. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय आकाराचे पत्रे आलटून पालटून घालतात. आम्हाला सगळे ई एकीकडे, सगळे आय दुसरीकडे आणि मध्ये कागद हवा होता.

"कागद याक री, सर? हे तर शिकाऊ पोराचं काम झालं!"

मुलाने त्यांना समजावले. या जोडणीत वेढ्यांतून सतत एकाच दिशेचा प्रवाह वाहतो, साधारण ४८ मिलिअँपिअर. फट नसेल तर लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरते आणि गिटारच्या खालच्या स्वरांना जागाच उरत नाही. ती कागदाची फट म्हणजे श्वास घ्यायची जागा. मामांनी ऐकून घेतले, पटले असे काही म्हणाले नाहीत, पण कागद घातला.

अँप्लिफायर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा अर्धा मिनिट काहीच झाले नाही. मग काचेच्या तळाशी नारिंगी उजेड दिसू लागला आणि स्पीकरमधून घुमारा आला. मुलाचा चेहरा पडला. आई कान देऊन म्हणाली, "पांढरी पाच लागलीय रे. फुकटचा तंबोरा." गंमत म्हणजे ते जवळपास खरे होते. आपल्या विजेची कंपने सेकंदाला ५०, ती एकदिश केली की १०० होतात, आणि खर्जातली पांढरी पाच असते ९८ वर. तो तंबोरा बंद करायला आणखी पंधरा दिवस लागले. हीटरच्या तारांना एकमेकींभोवती पीळ दिला, जमिनीच्या सगळ्या जोडण्या एका बिंदूत आणल्या, मोठा कॅपॅसिटर घातला.

मग त्याने गिटार जोडली. हळू वाजवले तर आवाज गोल, कोमट. जोराने छेडले तर त्याच स्वराला एक खरखरीत कड यायची आणि मागे वरचा षड्ज तरंगत राहायचा. आई डोळे मिटून बसली. सौ. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "इदु खरे जवारी!" तिचा अर्थ गावठी. आईने मान डोलावली, तिचा अर्थ तंबोऱ्याचा. दोघींचेही बरोबर होते. खर्च सगळा मिळून सहा-साडेसहा हजार, त्यात स्पीकर आणि सुताराची मजुरीही आली.

आता तो इंजिनिअरिंगला बाहेरगावी जाणार. गेल्या महिन्यात त्याने स्लोव्हाकियाचा नवा ईएल ८४ आणला आणि बी.ई.एल.चा काढून आजीच्या हातात ठेवला. आईने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "उसनं आणलेलं भांडं कोणी रिकामं परत देतं का?"

तिला काय हवे ते त्याला कळले. रेडिओ माळ्यावरून खाली आला आहे. फिल्टरचे कॅपॅसिटर त्याने बदलले. काट्याची दोरी अण्णांनी थरथरत्या हातांनी स्वतः ओवून दिली. मध्यम लहरींवर आता काय काय लागते ते रात्री बसून बघायचे आहे. ट्रान्सफॉर्मरचे माप घेऊन आम्ही पुन्हा दुर्गदबैलच्या बोळात गेलो, तर मामांनी मापाचा कागद वाचला, खिशात घातला आणि शनिवारी या म्हणाले. शनिवारी गेलो. ई एकीकडे, आय दुसरीकडे. मधला कागद त्यांनी न सांगता घातला होता.