कांड्या फुल, नेट गुल

“साहेब, कांड्या फुल आहेत, पण फोटो जात नाही.” मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरून ही तक्रार आली की माझा पहिला संशय टॉवरवरच्या दोनपैकी एका अँटेनावर जातो.

खालून दिसते ती एकच पांढरी पट्टी. आत मात्र अँटेना दोन असतात, एक 45 अंश डावीकडे कललेली, दुसरी तेवढीच उजवीकडे. आमचा भाग चढउतारांचा. लहरी टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर, पत्र्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी फोनपाशी येतात आणि काही जागी एकमेकींना खोडून टाकतात. 1800 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सतराएक सेंटिमीटर; फोन चार बोटं सरकला तरी रेंज पडते. पण दोन्ही अँटेनांची रेंज एकाच जागी पडणं क्वचितच घडतं.

टॉवर स्वतःची ओळख सांगणारा संदेश सतत सगळ्यांसाठी पाठवत असतो. ऐकणारे कुठे आहेत हे ठाऊक नसताना तो कुणा एकाच्या दिशेने वळवणार कसा? न वळवताही दोन्ही अँटेनांचा फायदा घ्यायची युक्ती सियावश अलामौटी यांनी 1998 साली मांडली (त्याच वर्षी आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला). दोन संकेत घ्यायचे. पहिल्या क्षणी दोन अँटेनांतून एकेक सोडायचा, पुढच्या क्षणी त्यांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह उलटं करायचं. फोनला एकच अँटेना असली तरी थोड्या गणिताने दोन्ही संकेत सुटे होतात. जादा वेळ लागत नाही, फोनला काही विचारावं लागत नाही, आणि प्रत्येक संकेत दोन्ही वाटांनी पोचतो. इतकी नेटकी युक्ती माझ्या धंद्यात दुसरी नाही. फोरजीत क्षणांच्या जागी शेजारच्या फ्रिक्वेन्सी येतात, एवढाच फरक.

दोन अँटेनांचा दुसरा उपयोग वेगासाठी. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी वेगवेगळे प्रवाह पाठवून वेग वाढवायची कल्पना आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांच्या 1994 च्या पेटंटातली. कैलाथ जन्माने पुण्याचे, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले.

पण दोन वाटांचा हा भरवसाच बिघाड झाकून ठेवतो. फोन कांड्या दाखवतो त्या मुख्यतः पहिल्या अँटेनाच्या खुणेवरून. दुसरी मेली तरी कांड्या भरलेल्याच राहतात; दोन प्रवाहांचा एक होतो आणि वेग निम्म्यावर येतो. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही. रामनवमीला पोहरादेवीत लाखोंनी बंजारा भाविक जमले की तीच साइट गुडघे टेकते.

दोष बहुतेकदा अँटेनाला जोडणाऱ्या छोट्या केबलच्या, म्हणजे जंपरच्या, टोकाशी सापडतो. टेप सोडावी तर आत पाण्याचा थेंब आणि पिनेवर हिरवट-काळा थर. शक्ती किती परत फिरते ते सांगणारा आकडा म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर; तो 1.5 असेल तर 4 टक्के शक्ती परत फिरते, 3 झाला की 25 टक्के. टेपचा शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलांसारखं पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळला तर प्रत्येक वेढ्यात पाणी साचतं. हे नव्या पोरांना मी टॉवरवर हातात टेप देऊनच शिकवतो.

“अलार्म नाही, म्हणजे साइट ठीक” हे मला मान्य नाही. नवमीच्या आधी प्रत्येक सेक्टरची, म्हणजे टॉवरच्या एकेका दिशेच्या पट्टीतली, एक अँटेना बंद ठेवून दुसरी एकटी मोजायची, मग उलट करायचं. दोघींत 3 डेसिबलहून जास्त तफावत दिसली की माणूस वर चढवायचा, तोही चैत्रातलं लोखंड तापायच्या आत.