वाळेल तो बूट

सकाळी सातच्या सुमाराला मुलुंडकडून आलेली स्लो लोकल घाटकोपरला अर्धी रिकामी होते आणि ती गर्दी मेट्रोच्या जिन्याला लागते. असल्फा, साकीनाका, मरोळ नाका, चकाला. या घोळक्यातला साइटवरचा किंवा कंपनीतला माणूस ओळखायचा तो सॅकवरून. पायांत त्याच्याही रबरी चपलाच असतात, पण सॅकची चेन शेवटपर्यंत लागलेली नसते आणि त्या फटीतून सिमेंटनं पांढुरकी झालेली एक काळी टाच डोकावत असते. सेफ्टी शूज घरून घालून कुणी निघत नाही, कामावर पोचल्यावर चढवतात. गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला तर भांडण, हे एक कारण झालंच. पण मुख्य कारण हवेचं. जाता-येता तेवढाच पायांना वारा, आणि बुटांनाही.

कामाचे बूट घेताना लोक चामडं चिमटीत धरून बघतात, सोल वाकवून बघतात, किंमत तर बघतातच. बघावंच. पण बोरिवली-अंधेरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत राबणाऱ्या माणसानं बूट हातात घेतला की आधी स्वतःला विचारावं, संध्याकाळी भिजलेला हा बूट सकाळपर्यंत वाळेल का? कोरड्या मुलखात बूट झिजून मरत असतील. आपल्याकडे ते कुजून मरतात.

जुलैच्या रात्री दहा बाय बाराच्या खोलीत बूट वाळवायचे म्हणजे डोकं लढवावं लागतं. दोरीवरचे कपडेच जिथे चार दिवस ओले, तिथे बुटांना कोण विचारतो? खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवावेत तर पावसाची झड येते. दाराबाहेर ठेवावेत तर सकाळी असतीलच याची खात्री नाही. गॅसजवळ ठेवले की चामडं कडक होतं आणि पाऊल जिथे मुडपतं तिथेच तडकतं. मग कितीही पॉलिश चोपडा. घरोघरी शेवटी सापडलेली जागा म्हणजे फ्रिजची पाठ. जुन्या फ्रिजच्या मागे जाळी असते, ती रात्रभर कोमट राहते. बुटाच्या आतली गादी आधी काढायची आणि वेगळी खिळ्याला अडकवायची, कारण घाम सगळ्यांत जास्त तिच्यात मुरलेला असतो. म्हणून जी गादी निघत नाही, तळाला चिकटवूनच टाकलेली असते, तो बूट घेऊच नये. मग नाडी पूर्ण सैल करून जीभ पुढे ओढायची आणि वर्तमानपत्राचे बोळे आत ठासायचे, अगदी बोटांच्या टोकापर्यंत. तासाभरानं ओले बोळे काढायचे, कोरडे घालायचे. रविवारच्या पुरवणीचा गुळगुळीत कागद या कामाचा नाही, रोजचा अंक पाणी जास्त पितो. पुरवणीत लिहिणाऱ्यांनी राग मानू नये.

एवढं करूनही चामड्याचा चिंब बूट एका रात्रीत पुरता वाळत नाही. दिवस तरी लागतोच, दमट हवेत त्याहून जास्त. म्हणजे ज्याच्याकडे एकच जोडी आहे तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी ओलसर बुटात पाय कोंबतो. शिवण कुजते, पेस्टिंग सुटतं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून माझं मत वडीलधाऱ्यांच्या उलट आहे. स्वस्तातलं घेतलं की दोनदा घ्यावं लागतं, त्यापेक्षा एकदाच भारीतलं घे, असं ते सांगत आले. मी म्हणतो, दोनदा घ्यायचेच आहेत तर एकदमच घ्या. खिशात दोन हजार असतील तर ते एका जोडीत घालू नका. हजाराच्या आतबाहेरच्या दोन चांगल्या जोड्या घ्या आणि दिवसाआड घाला. फुटपाथवर चारशेला मिळते ती मात्र जोडी नव्हे, तो बुटाचा मुखवटा असतो.

दिवसाआड घाला, यावर माझा जोर आहे. आपल्या घरांना नवी वस्तू ठेवणीत टाकायची खोड असते. दुसरी जोडी खोक्यासकट माळ्यावर जाते. हल्लीच्या बहुतेक सेफ्टी शूजचा तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. हलका, मऊ, दिवसभर काँक्रीटवर उभं राहणाऱ्याच्या गुडघ्यांना जपणारा. पण त्याचं ओलाव्याशी वैर आहे. हवेतलं पाणी आत शिरून तो पदार्थ हळूहळू पोखरत राहतं. रोज पायाखाली दाबला जाणारा तळ त्यातल्या त्यात तग धरतो. खोक्यात निवांत पडलेला आधी जातो. काही वर्षांनी माळ्यावरून उतरवलेला, एकदाही न घातलेला बूट घालून माणूस जिन्यापर्यंत जातो न जातो तोच तळ चहात बुडवलेल्या खारीसारखा गळून पडतो. शिव्या दुकानदाराला बसतात.

त्यामुळे ‘जुना स्टॉक आहे, निम्म्यात देतो’ असं ऐकलं की आधी तारीख शोधायची. प्रमाणित सेफ्टी शूजवर आयएसआयची खूण असते, आयएस १५२९८ हा क्रमांक असतो, आणि तिथेच बूट कधी बनवला तेही छापलेलं असतं. सहसा जिभेच्या आतल्या बाजूला. वाचायला चष्मा लागतो. या मानकाच्या भाग २ मधल्या बुटाच्या बोटांवरच्या टोपीनं २०० जूलचा मार सोसायचा असतो, भाग ३ मधल्यानं १००. जूल सोडून सांगायचं तर भाग २ च्या बुटात २० किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत राहायला हवीत. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, हे ज्याचं त्यानं लक्षात ठेवावं.

या माराच्या परीक्षेत एक गोष्ट कळत नाही. आपला माणूस काम करतो ते उकिडवं बसून. टाइल बसवणारा, गवंडी, प्लंबर, जमिनीलगतचा सॉकेट जोडणारा वायरमन, सगळे दिवसाचा निम्मा वेळ उकिडवे. उभं असताना जी टोपी बोटांना छपरासारखी वाटते तिचीच मागची कड बसल्यावर बोटांच्या मुळाशी रुतते. दुकानात आरशासमोर चार पावलं टाकून हे कळत नाही. तिथेच, गिऱ्हाइकांच्या मधोमध, उकिडवं बसून बघावं लागतं.

मी एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, म्हणून हे सुचतं. तेव्हा विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट असा सगळा पट्टाच कारखान्यांचा होता आणि शिफ्ट सुटली की रस्ता बुटांनी वाजायचा. आमच्याकडे वर्षाला एक जोडी मिळे. स्टोअरच्या खिडकीपुढे रांग. आपला नंबर संपला असेल तर मोठा घ्या आणि पुढे कापूस घाला. कुरकुर करायचो, पण बूट फुकट होते. आज रोजंदारीसाठी नाक्यावर उभा राहणारा आपले बूट आपणच घेतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते आणि मंडळाच्या सुरक्षा संचात बूटही असतात. पण ज्याचा मालक रोज सकाळी बदलतो त्याला तो दाखला जमवताना आधी आहेत ते जोडे झिजवावे लागतात.

शेजारच्या वहिनींच्या मुलीनं मुलुंडच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि मरोळ एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागली. बूट स्वतःचे आणायचे होते. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच जा तिच्याबरोबर, तुम्हाला कळतं त्यातलं.” मुद्दाम संध्याकाळी गेलो. दिवसभर उभं राहून पाऊल फुगतं. सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो. कामावरचे जाड मोजे घालून ये, म्हणून तिला आधीच बजावलं होतं.

साकीनाक्याला हार्डवेअरच्या ओळीत एका दुकानात शिरलो. तिचा पाय चार नंबरचा. दुकानदारानं तिच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “सहापासून पुढे आहेत, काका. सहा घ्या, आत एक गादी जास्तीची टाकून देतो.”

“शिडीवर चढायचंय तिला,” मी म्हटलं.

मोठ्या बुटाचं नाक शिडीच्या पायरीला अडतं आणि टाच आतल्या आत उचलते. जास्तीच्या गादीनं पाऊल वर येतं, मग टोपी बोटांच्या पाठीवर बसते. दोन नंबरांचा फरक गादीनं भरत नाही. पण बायकांच्या बाबतीत धंद्यानं सगळीकडे हाच तोडगा काढलाय. साइटवर विटा-वाळू वाहणाऱ्या बायका बघा. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्यावर कधीकधी पिवळं हेल्मेटही, आणि पायांत चपला. त्यांच्या मापाचे बूट बनतात, पण दुकानात मांडलेले नसतात, मागवावे लागतात. मागवायला आठवडा लागतो आणि काम उद्या सकाळी असतं.

पुढच्या एका दुकानात चार नंबर निघाला, तोही दोन प्रकारांत. एक जाळीच्या कापडाचा, स्पोर्ट्स शूजसारखा दिसणारा. तिची नजर लगेच त्याच्यावर. त्याला नावं ठेवता येत नाहीत, जाळी चामड्याच्या आधी वाळते, माझ्याच कसोटीला उतरली. पण वेल्डरच्या शेजारी उभं राहावं लागलं तर ठिणगी तिच्यातून आरपार जाते, आणि सिमेंटचं पाणी आत गेलं की कातडी सोलून निघते. दुसरा काळ्या चामड्याचा, लोखंडाऐवजी फायबरच्या टोपीचा, विजेचं काम करणारे मागतात तसा. जीभ दोन्ही कडांनी शिवलेली, म्हणजे तिथून पाणी-कचरा आत येत नाही. वाकवून बघितला तर बोटांच्या मुळाशी वाकला. मधोमध वाकणारा बूट मी लगेच खाली ठेवतो.

“उकिडवी बस,” मी म्हटलं.

“इथे?”

“इथेच.”

ती बसली. दुकानातला पोऱ्या हसला. जाळीच्या बुटात तिनं करंगळीजवळ बोट ठेवून दाखवलं, “काका, इथे रुततंय.” चामड्याच्या बुटात बराच वेळ बसली, खोटा स्क्रू फिरवल्यासारखं मनगटही हलवून बघितलं आणि म्हणाली, “हे चालतील.” तारीख बघितली, त्याच वर्षाची होती. दोन जोड्या घेतल्या. तिचा पहिला स्टायपेंड अजून यायचा होता. पैसे वहिनींनी डब्यातून काढून दिले होते आणि ते सुट्ट्यांत होते.

गमबूट तिला लागणार नव्हते. त्यांचं गणितच निराळं: बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जात नाही. तरी गटारात, तुंबलेल्या पाण्यात, ओल्या काँक्रीटमध्ये त्यांना पर्याय नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसनं माणसं गेली, तेव्हापासून पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नका, हे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. रात्री गमबूट आतून फडक्यानं पुसून उलटे टांगायचे. बस.

घाटकोपरहून आम्ही बसनं एलबीएस रोडनं आलो. कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल, मधे मेट्रोचे खांब. ती म्हणाली, “माझ्या मैत्रिणीनं असेच बूट घेतले, काका. पिवळ्या धाग्याची शिलाई. चौदा हजार.” ते डॉक मार्टेन्स. त्यांचाही जन्म कामावरचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मार्टेन्स नावाच्या एका जर्मन डॉक्टरचा घोटा स्कीइंग करताना दुखावला, म्हणून त्यानं हवा भरलेल्या मऊ तळाचा बूट स्वतःसाठी बनवला. पुढे इंग्लंडच्या ग्रिग्ज कंपनीनं त्याचे हक्क घेतले आणि १ एप्रिल १९६० ला पहिला बूट काढला. त्या तारखेवरूनच त्याचं नाव १४६०. साधारण दोन पौंडांना मिळायचा. घेणारे कोण, तर पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार. पुढे तो गाणाऱ्या पोरांच्या पायांत गेला आणि तिथून मॉलच्या काचेत. हे ऐकून तिनं मांडीवरचं खोकं उघडून आपल्या बुटाची शिलाई बघितली. काळी होती.

मुलुंडला स्टेशनबाहेर गटई कामगाराच्या टपरीवर थांबलो. नवे बूट-चप्पल घेतले की पायांत घालायच्या आधी चहूबाजूंनी शिलाई मारून घ्यायची, ही इथली जुनी रीत. त्यानं एक बूट ऐरणीवर उलटा घातला, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला, पुढच्या बाजूला टकटक केलं.

“सोल ओतीव आहे, काका. चिकटवलेला नाही. आणि पुढे लोखंड आहे, माझी आरी मोडेल.”

“लोखंड नाही, दादा, फायबर आहे,” ती म्हणाली.

“असेल. माझ्या आरीला तेच.”

टाचेकडे तरी मार, मी म्हटलं. आधी उसवू द्या, म्हणाला, आत्तापासून भोकं पाडलीत तर पाणी तिथूनच शिरेल. मग त्यानं नाड्यांना हात घातला. गोल, गुळगुळीत नायलॉनच्या होत्या. या शिडीवर सुटणार, म्हणत त्यानं त्या ओढून काढल्या आणि दोन्ही जोड्यांना चपट्या सुती ओवल्या. चार नाड्यांचे ऐंशी सांगितले. तिनं साठ त्याच्या हातावर ठेवले आणि खोकी उचलून चालू लागली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी काय बोलणार? वहिनींचीच मुलगी.