पाठीमागचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण मोठ्या सहजपणे म्हणून जातो. त्या म्हणण्यात विंचवाची थोडी कीव असते आणि थोडी चेष्टाही असते. पण मला विचाराल तर विंचू भाग्यवान! त्याचे बिऱ्हाड त्याच्या पाठीला चिकटलेले. तो वळला की तेही वळते. आमचे बिऱ्हाड पाठीमागून येते, आणि त्याला स्वतःचे मत आहे.

या बिऱ्हाडाचे नाव कॅरॅव्हॅन. निजायची जागा, शेगडी, मोरी, पाण्याच्या टाक्या असे अडीच टनांचे घर मोटारीमागे अडकवायचे आणि ऑस्ट्रेलियाच्या उजाड मुलखात शिरायचे, हा अ‍ॅडलेडमध्ये निवृत्त झाल्यावर आम्हां उभयतांना जडलेला नाद. शब्द मूळचा फारसी, 'कारवाँ'. आणि आम्ही ज्या वाटेने गेलो तिच्यावरून एके काळी खरोखरच उंटांचे तांडे चालत. १८६० साली एका मोहिमेसाठी मेलबर्नला चोवीस उंट उतरवले, ते कराचीहून आणलेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान इथून पुष्कळ उंटवाले आले; इथल्या लोकांनी त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' करून टाकले. मरी गावात त्यांची वस्ती होती, मशीद होती. हे कळल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे आपल्याच इलाख्यातली बिऱ्हाडे आपल्या आधी इथून गेली म्हणायची!" आणि त्यानंतर धुळीबद्दलची तिची तक्रार निम्म्याने कमी झाली.

मरी ते मार्ला हा ऊडनडाटा मार्ग सुमारे ६२० किलोमीटरचा, कच्चा. नकाशावर पाहिले तर तो असा का जातो ते उमगत नाही. जमिनीखालच्या अफाट साठ्यातले पाणी या भागात झऱ्यांच्या रूपाने वर येते, आणि ते झरे ओळीने आहेत. इथल्या मूळ रहिवाशांची वाट त्या झऱ्यांवरून गेली. तिच्याच आधाराने जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट १८६२ साली खंड ओलांडून उत्तर किनाऱ्याला पोहोचला. त्याच्या मागोमाग १८७२ साली तारायंत्राची तार गेली. मग आगगाडी आली, ती १९८० साली बंद झाली. माणसे बदलली, वाहने बदलली. पण सगळी चालली ती पाण्याचे बोट धरून.

अशा वाटेवर घर ओढण्याचे शास्त्र आहे. चाकांतली हवा ४० पौंडांवरून ३० च्या खाली आणायची. जड सामान आसाच्या आसपास ठेवायचे, कारण पाठीमागे वजन जास्त झाले की घर शेपूट हलवू लागते, आणि मग ते शेपूट मोटारीलाही हलवते. वाट पन्हळी पत्र्यासारखी. तासभर तिच्यावर चालले की बरण्यांची झाकणे आपोआप फिरतात, स्क्रू गळून पडतात, मेथ्या मोहरीत जातात. घरात काय सैल आहे, हे रस्ता तुम्हांला नेमके दाखवून देतो. मोटारीच्या चाकांनी उडवलेले खडे कॅरॅव्हॅनवर आपटतात आणि उलटून मोटारीचीच मागची काच फोडतात. म्हणून मध्ये जाळीचा पडदा बांधावा लागतो. संसारात असा एखादा पडदा असलेला बरा.

पण खरी परीक्षा मागे जाताना. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की घर डावीकडे जाते. सौभाग्यवती मागे उभी राहून हातवारे करते, मी आरशात तिला शोधतो, आणि छत्तीस वर्षांच्या संसारात न झालेली भांडणे पाच मिनिटांत होतात. अनुभवी लोक म्हणूनच सांगतात, की शक्यतो मागे जाऊच नये. रुंद जागा गाठावी आणि पुढच्या पुढेच वळून यावे.

विल्यम क्रीक ही जेमतेम डझनभर माणसांची वस्ती. तिथे पोहोचलो तेव्हा उत्तरेला ढग जमले होते. ऊडनडाटा अजून २०० किलोमीटर. वाट उघडी होती; नुसत्या मोटारी घेऊन आलेले दोघेतिघे पुढे गेले. आम्ही राहिलो. अरुंद वाटेवर चिखल लागला तर मोटार कशीबशी वळेल, घर वळणार नाही. रात्री पाऊस आला, आणि सकाळी फळ्यावर 'बंद' लागले. बंद वाटेवर गाडी घालणे हा गुन्हा आहे. ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या ऊन पडताच दगडासारख्या घट्ट होतात आणि पुढच्यांना छळतात.

पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत होता. सौभाग्यवतीने चहा ठेवला आणि एकदम म्हणाली, "अहो, दादाला काय कळवायचे?"

प्रश्न महिनाभर आमच्याबरोबर प्रवास करीत होता. तिच्या माहेरचा पुण्यातला वाडा पाडून तिथे इमारत होत होती. तिच्या वाट्याच्या दोन खोल्या घ्यायच्या की पैसे, हे मेहुण्यांनी विचारले होते. निवृत्त झालो की परत जायचे, असे आम्ही या देशात पाऊल ठेवले त्या दिवशी ठरवले होते. पण मधल्या वर्षांत मागे एक घर जोडले गेले. मुले इथली झाली, नातवंडे तर इथलीच. परतीचा विचार करून स्टिअरिंग एकीकडे फिरवावे, तर घर भलतीकडेच जाते!

"मागे जाणे आता आपल्याला जमायचे नाही," मी म्हणालो.

ती बराच वेळ कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "खोल्या घ्या म्हणून कळवू या. राहायला नाही. वळायला."

मी काही बोललो नाही. तिने आणखी अर्धा कप चहा माझ्यापुढे सरकवला.

तिसऱ्या दिवशी वाट उघडली. ती खाली उतरली, आकडा, साखळ्या, दिव्यांची तार नीट पाहून आली, पदर झटकून शेजारी बसली आणि म्हणाली, "चला."