मत विचारायला कोण आले आणि कुठवर आले?

निवडणूक आली की टीव्हीवर 'जनतेचा कौल' झळकतो आणि आपली पोरं एकमेकांना विचारतात, "आपल्या वस्तीत कुणी आलं होतं का रे?" प्रश्न रास्तच आहे. पण विचारायला जाणाऱ्यांत एकदा आम्हीही होतो, म्हणून हे लिहितो आहोत.

२०२४ च्या लोकसभेआधी आम्ही तिघा कार्यकर्त्यांनी करवीर तालुक्यात एका सर्वेक्षणाचे फॉर्म रोजंदारीवर भरले. मतदारयादीतून निवडलेली नावे हातात होती. त्याच माणसाला गाठायचे, घरी नसेल तर पुन्हा जायचे, हा नियम. पण एप्रिलचे ऊन आणि दिवसाला ठरलेला आकडा! दुसऱ्याच दिवशी यादी खिशात गेली आणि आम्ही स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला विचारू लागलो. टपरीवर कोण भेटणार? दुपारी बसायला सवड असलेले पुरुष. बौद्धवस्तीतल्या बायका तेव्हा भांगलणीला गेलेल्या. आपल्याच माणसांना आम्ही मोजणीतून गाळले.

एका आजीला आम्ही उसाच्या बांधावर विचारले. शेतमालक शेजारीच उभा. ती म्हणाली, "मालक सांगतील तिकडं." संध्याकाळी समाजमंदिरापाशी तीच आजी म्हणाली, "त्याच्यासमोर आनि काय सांगू? मत बाबासाहेबांनी दिलंय, मालकानं न्हाई." फॉर्मवर मात्र दुपारचेच उत्तर गेले. काही सर्वेक्षणांत नमुना मतपत्रिका आणि बंद पेटी देतात, ती याचसाठी. आमच्याकडे पेटी नव्हती.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या. ४ जूनला आल्या २९३. आपल्यापैकी अनेकांनी 'विकाऊ मीडिया' म्हणून विषय संपवला. पण नोव्हेंबरच्या विधानसभेत अनेक अंदाजांपेक्षा महायुतीला कितीतरी जास्त जागा मिळाल्या. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होते. नुसता कट म्हणून भागत नाही, मोजणीची रीतच तपासावी लागते.

मोठा आकडाही वाचवत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट'ने वीस लाखांहून अधिक लोकांची मते गोळा करून रूझवेल्ट हरणार असे सांगितले. ते प्रचंड बहुमताने जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून. गरिबाचे नाव त्यात कुठून येणार?

आता आपला हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के. हजार जणांच्या नमुन्यात साधारण ११८. हजारांवर चूक तीन टक्के वर-खाली धरतात, पण ११८ वर ती नऊ टक्क्यांच्या घरात जाते. ४५ टक्के दाखवले तर खरा आकडा ३६ असू शकतो, ५४ ही असू शकतो. त्यात बौद्ध, मातंग, चर्मकार सगळे एकत्र. एवढ्यावर 'दलित मते कुणीकडे' यावर रात्रभर चर्चा झोडतात!

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. अस्पृश्यांचे म्हणणे दुसऱ्याने सांगून चालणार नाही, हा त्यातला गाभा होता. पुढच्याच वर्षी आपल्या माणगावात, शाहू महाराजांच्या उपस्थितीत, ज्यांना कुणी विचारत नव्हते ते स्वतः बोलले.

तेव्हा मित्रांनो, पुढचा पोल आला की विचारा: किती जणांना विचारले? यादीवरून की टपरीवर? कुणासमोर? आपल्या वस्तीतले किती? पैसे कुणाचे? आणि तुमच्यापैकी कुणी असे फॉर्म भरायला गेलात, तर यादी खिशात घालू नका. बाई कामावरून घरी येईपर्यंत थांबा. आम्ही थांबलो नाही, याची बोच अजून आहे.

जय भीम!